शिमानो क्लॅरिस आर२०००: घाटातली सायकल स्वतः बांधणाऱ्यांसाठी

शिमानोच्या रोड ग्रुपसेटच्या, म्हणजे रोड सायकलच्या गिअर-ब्रेकच्या संचांच्या, उतरंडीत क्लॅरिस टूर्नीच्या वर आणि सोराच्या खाली येतो. पहिली रोड सायकल घेणारे तो ‘लावूनच आलाय, असू दे’ म्हणून वापरतात आणि स्वतः सायकल बांधणारे त्याच्याकडे फारसं बघतही नाहीत. त्यांची नजर थेट वरच्या टियाग्रावर, नाहीतर १०५ वर असते. सह्याद्रीच्या घाटांत चालवायची आणि घरच्या घरी दुरुस्त करायची सायकल बांधत असाल, तर निवडीची सुरुवात क्लॅरिसपासून करा, असं माझं स्पष्ट मत आहे. वर जायला सबळ कारण सापडलं तरच वर जा.

आर२००० ही मालिका २०१७ साली आली. आधीच्या २४०० मालिकेत गिअरच्या केबल लीव्हरच्या बाजूने बाहेर पडून हँडलसमोर लोंबायच्या. आर२००० मध्ये त्या ब्रेकच्या केबलसारख्याच हँडलच्या टेपखालून जातात. पुढे पेडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या, आणि मागच्या चाकावर आठ लहान-मोठ्या चकत्या, म्हणजे कॉग. पुढे तीन चेनरिंगचा, ५०-३९-३० असा प्रकारही आहे, पण तो सुटा मिळवणं कठीण जातं. क्रँक, म्हणजे पेडलचे हात आणि त्यांचा दांडा, दोन तुकड्यांचा, २४ मिलिमीटर दांड्याचा आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर असलेला. तयार सायकलवर ‘क्लॅरिस’ लिहिलेलं असलं, तरी क्रँक, ब्रेक आणि कॅसेट (मागच्या कॉगचा संच) बऱ्याचदा दुसऱ्या, स्वस्त कंपनीचे असतात. क्लॅरिसचे असतात ते फक्त लीव्हर आणि डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे भाग. सुटा संच घेतला की हा घोळ टळतो.

खरेदीतला कळीचा निर्णय मागच्या डिरेलरचा. तो दोन लांबींत मिळतो, आखूड पिंजऱ्याचा एसएस आणि लांब पिंजऱ्याचा जीएस. पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणाऱ्या दोन छोट्या पुल्यांची चौकट. ११-३४, म्हणजे ११ ते ३४ दातांची, कॅसेट लावायची तर जीएसच हवा. दुकानदाराकडे एसएस पडून असेल तर तो ‘चालून जाईल’ म्हणतो. ३४ च्या कॉगवर तो चालत नाही. वरची पुली कॉगवर घासते आणि चुकून मोठ्या चेनरिंगवर सगळ्यात मोठा कॉग पडला, तर चेन ताणून डिरेलरच उपटून निघू शकतो.

३४ चा आग्रह का, ते आकड्यांतच बघा. पुढे ३४ आणि मागे ३४ म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. ७०० बाय २८ च्या टायरचा परीघ साधारण २.१४ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी ७.७ किलोमीटर पडतो. मागे ३४ ऐवजी २८ असेल, तर त्याच ६० फेऱ्यांसाठी ९.३ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन आणि १० टक्के चढ धरला, तर ३४ च्या कॉगवर साधारण १९० वॉट लागतात, २८ च्या कॉगवर २३०. हौशी सायकलस्वाराकडे हे जास्तीचे ४० वॉट नसतात. मग तो १९० वॉटवरच चढत राहतो आणि पायांचे फेरे ६० वरून ५० वर येतात. फेरे कमी झाले की प्रत्येक फेऱ्यातला जोर वाढतो, आणि तो सगळा गुडघ्याच्या वाटीवर येतो. सिंहगडाच्या गाडीरस्त्यावर १० टक्क्यांच्या पुढचे तुकडे एकापाठोपाठ एक येतात. तिथे हा फरक दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटासारख्या संथ चढावर तो कमी जाणवेल, पण १५० किलोमीटर झाल्यावर तोच घाट समोर आला तर तिथेही जाणवेल.

गुडघा दुखत असेल तर सगळा दोष गिअरवर टाकू नका, सीटची उंचीही बघा. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं तेव्हा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. गुडघ्याच्या मागे दुखतं तेव्हा सीट बहुधा जास्त वर असते. सुरुवातीला पायाच्या आतल्या बाजूची लांबी, म्हणजे इनसीम, अनवाणी उभं राहून मोजा आणि तिला ०.८८३ ने गुणा. इनसीम ८० सेंटिमीटर असेल तर बीबीच्या, म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगवर फिरतो त्याच्या, मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६ सेंटिमीटर येतात. तिथून पुढे एका वेळी ५ मिलिमीटरच्या वर हलवू नका, आणि एक बदल केल्यावर दोन-तीन राइड झाल्याशिवाय दुसरा करू नका.

११-३४ कॅसेटचा तोटाही सांगायला हवा. तिचे दात ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि मग एकदम ३४. शेवटची उडी तीस टक्क्यांची आहे. २६ वर ७० फेऱ्यांनी चढत असाल तर ३४ वर गेल्यावर तोच वेग राखायला ९१ फेरे लागतात. पाय क्षणभर रिकामे फिरतात आणि लय तुटते. उपाय एवढाच की चढ पायात शिरायच्या आधी, जोर थोडा सैल सोडून ३४ वर जायचं. ज्यांचं सगळं फिरणं सोलापूर, लातूरकडच्या सपाटीवर आहे, त्यांनी ११-२८ घ्यावी. ताशी ३० च्या वेगाने वाऱ्याविरुद्ध जाताना त्यांना जवळजवळ असलेले गिअर जास्त उपयोगी पडतील.

क्लॅरिसच्या बाजूने सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र सुट्या भागांचा आहे. आठ-स्पीडमध्ये, म्हणजे मागे आठ कॉग असलेल्या संचात, दोन कॉगच्या मध्यांतलं अंतर ४.८ मिलिमीटर असतं. अकरा-स्पीडमध्ये ते साधारण ३.७ वर येतं. म्हणजे एसटीच्या डिकीत किंवा बसच्या टपावर सायकल टाकताना डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर थोडा वाकला, केबल जराशी ताणली गेली, तरी आठ-स्पीडचे गिअर बऱ्यापैकी पडत राहतात. अकरा-स्पीडवर तेवढ्यात खडखडाट सुरू होतो. दुसरं असं की शिमानोच्या सात, आठ आणि नऊ-स्पीडच्या मागच्या डिरेलरचं केबलशी असलेलं प्रमाण एकच आहे, मग ती रोड सायकल असो वा एमटीबी. आठ-स्पीडच्या शिफ्टरमधून प्रत्येक गिअरला केबल २.८ मिलिमीटर ओढली जाते, आणि डिरेलर तिच्या १.७ पट सरकतो. क्लॅरिसचा डिरेलर तुटला, तर एमटीबीवरचा आल्टस किंवा असेरा लावा, लीव्हरला फरक पडत नाही. आठ-स्पीडची चेन तर गिअरच्या सायकली विकणाऱ्या तालुक्याच्या दुकानातही सापडते, कारण मुलांच्या बहुतेक एमटीबींवर तीच असते.

ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांनी हे नीट मनावर घ्यावं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास मिळतात. दोन कंट्रोलच्या (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणांच्या) मध्ये बाहेरची मदत घेऊन चालत नाही, मात्र वाटेतल्या दुकानातून चेन विकत घेता येते. रविवारी दुपारी अकरा किंवा बारा-स्पीडची क्विक लिंक (चेन जोडायची कडी) कुठल्या गावात मिळणार?

आता बांधणी. जुन्या स्टीलच्या फ्रेमवर हा संच चढवणार असाल तर ऑर्डर देण्याआधी कॅलिपर घेऊन तीन मापं काढा. एक, मागच्या ड्रॉपआउटमधलं, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधलं, अंतर. रोडच्या क्विक रिलीज हबला १३० मिलिमीटर लागतात, जुन्या फ्रेममध्ये १२६ निघतात. स्टीलची फ्रेम जाणकार मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना सारखी उघडून घेता येते. अॅल्युमिनियमची कधीही उघडू नका, तिला तडा जातो. दोन, सीट ट्यूबचा व्यास. पुढचा डिरेलर पट्टीने बसतो आणि ती पट्टी २८.६, ३१.८ की ३४.९ हे फ्रेमवर ठरतं. स्टीलच्या फ्रेमला बहुधा २८.६. तीन, ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या ब्रेक पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर. २७ इंची चाकांसाठी बनलेल्या फ्रेमवर ७०० ची चाकं घातली की हे अंतर वाढतं आणि क्लॅरिसच्या ब्रेकची पॅड रिमपर्यंत पोचत नाहीत. तिथे लांब हातांचे वेगळे ब्रेक घ्यावे लागतात.

चौथी बाब मागच्या हबची. कॅसेटची बॉडी ८/९/१०-स्पीडची असेल तर आठची कॅसेट थेट बसते. ११-स्पीड रोडची बॉडी असेल तर आधी १.८५ मिलिमीटरचा स्पेसर घालावा लागतो. तो विसरलात तर लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी रिंग) पूर्ण आवळूनही कॅसेट हातात खुळखुळते.

बहुतेक फ्रेममध्ये बीबीच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की तो आवळतो. आधी आट्यांना भरपूर ग्रीस लावा आणि हाताने निदान तीन-चार फेरे बसवा. पहिल्याच फेऱ्याला पान्हा लावावा लागत असेल तर कप तिरका बसतोय, तिथेच थांबा. शेवटी ३५ ते ५० न्यूटन-मीटर जोराने आवळा. क्रँकची डावीकडची प्लास्टिकची टोपी मात्र फक्त ०.७ ते १.५ न्यूटन-मीटरवर, म्हणजे दोन बोटांनी. तिचं काम बेअरिंगमधला खुळखुळाट काढण्यापुरतं आहे, क्रँक धरून ठेवणं हे तिचं काम नाही. ते काम डाव्या हातावरच्या दोन बोल्टचं. ते आळीपाळीने थोडे थोडे आवळत १२ ते १४ वर न्यायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की दुसरा सैल पडतो आणि काही राइडनंतर क्रँक कटकट करायला लागतो. लॉकरिंगला ४० च्या आसपास, डिरेलर हँगरला ८ ते १०, डिरेलरच्या केबलच्या बोल्टला ६ ते ७.

चेनची लांबी ठरवायला डिरेलरमधून न नेता चेन मोठ्या चेनरिंगवर आणि मोठ्या कॉगवर गुंडाळा, जिथे टोकं जुळतात तिथून दोन कड्या जास्त ठेवून तोडा. चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) ४१५ मिलिमीटर असेल तर ५० आणि ३४ दातांना साधारण ११० कड्या येतात. नवी चेन ११६ कड्यांची असली तर सहा कापाव्या लागतात. ‘राहू दे लांब’ म्हणून तशीच लावली तर लहान-लहान गिअरवर ती लोंबते आणि खड्ड्यात आपटून चेनस्टेचा रंग उडवते.

केबलच्या वेष्टनात लोक हमखास घोळ घालतात. गिअरचं वेष्टन ४ मिलिमीटरचं, आत उभ्या तारा असलेलं. ब्रेकचं ५ मिलिमीटरचं, गुंडाळलेल्या पट्टीचं. ब्रेकचं वेष्टन गिअरला लावलं तर ते दाबलं जातं आणि गिअर कधीच नेमके बसत नाहीत. उलट केलं तर प्रकरण जिवावर बेततं, कारण जोरात ब्रेक दाबल्यावर गिअरच्या वेष्टनातल्या उभ्या तारा फाकून बाहेर येतात आणि ब्रेक हातात राहतो. वेष्टन कापल्यावर तोंड कानशीने सपाट करा, आतली प्लास्टिकची नळी टोच्याने गोल उघडा, मगच टोपी बसवा. नव्या संचाचे गिअर जड जातात अशा तक्रारींमागे बहुतेकदा ही चेपलेली नळीच असते. लीव्हरकडे बोट दाखवण्याआधी ती बघा.

मग जुळणी. मागचा डिरेलर लावून, केबल न जोडता, आधी दोन्ही मर्यादा स्क्रू लावून घ्या. एच स्क्रूने वरची पुली सगळ्यात लहान कॉगच्या सरळ खाली आणा. एल स्क्रूने, डिरेलर हाताने ढकलून, सगळ्यात मोठ्याच्या खाली. हा एल स्क्रू सगळ्यात काळजीचा. तो सैल राहिला तर चढावर चेन कॉगवरून पलीकडे स्पोकमध्ये जाते, स्पोक तुटतात, चाक जागेवर अडकतं. नंतर केबल ताणून जोडा, लीव्हरचा एक टप्पा टाका, बॅरल (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) थोडा थोडा फिरवत चेन शेजारच्या कॉगला नुसती घासेल-न घासेल इतकी आणा. ३४ वर असताना पुली आणि कॉग यांच्यात ५-६ मिलिमीटर फट हवी, ती बी स्क्रूने येते. पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या चेनरिंगच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि चेनरिंगला समांतर. तो जरा तिरका झाला तरी मोठ्या रिंगवर चेन चढायला कुरकुरते.

बांधणीतल्या जखमा ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या टाळताही येतात. पेडल काढताना पान्हा निसटतो आणि बोटांचे सांधे चेनरिंगच्या दातांवर आपटतात. म्हणून पेडल काढण्याआधी चेन मोठ्या रिंगवर घ्या, दात चेनखाली झाकले जातात. डाव्या पेडलचे आटे उलटे आहेत हे विसरून उजवीसारखा जोर लावणारेच जास्त जखमी होतात. केबल कापली की लगेच टोकाला टोपी दाबून बसवा. उसवलेली तार बोटात घुसते आणि तुटून आतच राहते. चेन पुसताना फडकं बोटाला गुंडाळू नका. पेडल मागे फिरवत खालच्या बाजूच्या चेनच्या मधोमध फडकं नुसतं चिमटीत धरा. फडकं चेनरिंगमध्ये ओढलं गेलं तर ते सोडून देता आलं पाहिजे. चाक फिरत असताना डिस्कला हात लावायचा नाही, हे डिस्कवाल्यांना वेगळं सांगायला हवं. तिच्या भोकांत बोट गेलं तर शेंडा जातो.

आता प्रत्यक्ष चालवताना. लीव्हरचा टप्पा लांब आहे. १०५ हाताळलेल्यांना गिअर टाकताना मनगट जास्त वळवल्यासारखं वाटेल. टप्पा नेमका आणि ऐकू येईल असा आहे. हातमोज्यातून, पावसात, थकलेल्या हाताला गिअर पडला की नाही हे कळतं. माझ्या लेखी लांब टप्प्याची ती पुरेशी भरपाई आहे. हूडचा, म्हणजे लीव्हरवरच्या रबरी मुठीचा, आकार तळव्याला बसतो, पण लांब अंतरावर करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या कडेची नस दबते आहे. हूड थोडे आत वळवा, हँडलच्या वळणावर टेपचा दुसरा थर द्या, आणि सीटचं नाक खाली झुकलंय का ते बघा. नाक खाली असलं की सगळं वजन हातांवर घसरतं. बधिरपणा राइड संपल्यावर दोन दिवसांतही गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

ब्रेक हा या संचातला मध्यम प्रतीचा भाग आहे. कोरड्या रस्त्यावर पुरेसे, पावसात सामान्य. रिम ओली असली की चाकाचा पहिला फेरा पाणी पुसण्यातच जातो, त्यामुळे ताम्हिणी किंवा वरंधच्या उतारावर वळणाच्या बऱ्याच आधी हलका ब्रेक लावून रिम कोरडी करायची सवय लावून घ्या. सोबत आलेली पॅड पहिल्याच पावसाळ्याआधी बदलून चांगल्या मऊ रबरची घ्या. सगळ्या संचात एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. पावसात दर काही राइडनंतर पॅडमधले रुतलेले खडे आणि अॅल्युमिनियमच्या चमचमत्या कपच्या सुईने काढा, नाहीतर त्या रिम खरवडून खातात. कोकणातल्या लाल मातीच्या रस्त्यांवर तर रोजच काढा. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, पुढचा-मागचा आलटून पालटून वापरा. रिम फार तापली की ट्यूब फुटते.

स्वतः बांधताना पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हे तुम्हीच ठरवता. आपल्याकडे मोटरसायकलची सवय उजव्या हाताची आहे, त्यामुळे पुढचा उजवीकडेच ठेवा. घाबरलेल्या क्षणी हात सवयीनेच चालतो. फ्रेम डिस्कची असेल तर केबलवर चालणारे, रोडसाठीचे कॅलिपरच घ्या. एमटीबीच्या कॅलिपरला आणि व्ही-ब्रेकला जास्त केबल ओढावी लागते, क्लॅरिसचा लीव्हर तेवढी ओढत नाही. लीव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. या संचात हायड्रॉलिकची सोय नाही.

पडणं कुणाला चुकलेलं नाही, तेव्हा त्याची तयारी बांधतानाच करावी. लीव्हरचा पट्टा ६ ते ८ न्यूटन-मीटरवर आवळला की पडल्यावर लीव्हर हँडलवर फिरतो आणि वाचतो. गच्च आवळलेला तुटतो. उजव्या अंगावर पडलात तर सायकल उचलून लगेच टांग टाकू नका. आधी मागून बघा, डिरेलरच्या दोन्ही पुल्या कॉगच्या रेषेत उभ्या आहेत का. हँगर आत वाकलेला असेल आणि पुढच्या चढावर ३४ टाकलात, तर पिंजरा स्पोकमध्ये जाईल, आणि दुसरं पडणं पहिल्यापेक्षा वाईट असेल. मागचं चाक उचलून, हाताने पेडल फिरवून ३४ टाकून बघा. घासत असेल तर २६ च्या पुढे जाऊ नका, आणि घरी आल्यावर गेज लावून हँगर सरळ करून घ्या. चाक आउट (वाकडं) झालं असेल तर ब्रेक थोडा उघडा आणि हळू घरी या.

सोलवटलेल्या ढोपरावर आणि कोपरावर हळद किंवा टूथपेस्ट लावू नका, आणि अँटिसेप्टिक पाणी न मिसळता तसंच ओतू नका. भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, खडी आणि माती पूर्ण निघेपर्यंत, दुखलं तरी. आत राहिलेली काळी कच कातडीखाली कायमचा डाग ठेवते. कापूस लावू नका, तो चिकटतो. औषधाच्या दुकानात पॅराफिन गॉज मिळतो, तो लावून वर साधी पट्टी बांधा आणि रोज बदला. ओलसर राहिलेली जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. जखमेत माती गेली असेल आणि टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर ते घ्या. तळहातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर मुका मार समजून सोडू नका. तिथल्या छोट्या हाडाचा तडा सूज कमी असली तरी असू शकतो. एक्स-रे काढा.

देखभालीला हा संच स्वस्त पडतो. चेनच्या २४ कड्या नवीन असताना ३०४.८ मिलिमीटर भरतात. स्टीलची पट्टी लावून मोजा आणि ३०७ झाल्या की चेन बदला. वेळेत बदललीत तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. उशीर केलात तर नवी चेन जुन्या कॉगवर उड्या मारते आणि कॅसेटही बदलावी लागते. मागच्या गिअरची केबल वर्षातून एकदा, बिघडली नसली तरी, बदला. ती लीव्हरच्या आत, डोक्यापाशी, एकेक तार करत तुटते. मोठ्या कॉगकडे जाताना गिअर अडखळायला लागला आणि बॅरल फिरवूनही दोन दिवसांत तेच झालं, तर तार उसवलीच समजा. डोकं तुटून आत अडकलं तर लीव्हर सगळ्यात लहान कॉगच्या टप्प्यावर आणा, तेव्हाच ते बाहेर येण्याची खिडकी समोर येते.

हा संच कुणी घेऊ नये? शर्यतीच्या घोळक्यात ताशी ४० ने चालवणाऱ्यांनी. तिथे १५ वरून १७ ची उडीसुद्धा खुपते आणि दोन्हींच्या मधला १६ हवासा वाटतो. हायड्रॉलिक डिस्क हवीच असणाऱ्यांनी. आणि पुढे टप्प्याटप्प्याने वरच्या ग्रुपसेटकडे जायचा बेत असलेल्यांनीही, कारण क्लॅरिसचे लीव्हर ठेवून दहा किंवा अकरा-स्पीड करता येत नाही. शिमानोने २०२३ मध्ये आणलेल्या क्यूज मालिकेची शिफ्टर-डिरेलर जोडीही जुन्या आठ-स्पीडशी जुळत नाही; दोन्हींचे भाग एकत्र करायच्या भानगडीत पडू नका.

जुना क्लॅरिस संच मिळत असेल तर बाकी सगळ्याच्या आधी उजवा लीव्हर तपासा. केबल न जोडता आतल्या लहान पात्याने सगळे टप्पे खाली आणा, मग मोठ्या लीव्हरने सात टप्पे मोजत वर जा. प्रत्येक टप्प्याला टक् आवाज यायला हवा. पाते नुसतं हलतंय, टप्पा पकडत नाही, असं झालं तर बऱ्याचदा आतलं ग्रीस गोठलेलं असतं. डिग्रीजरचा फवारा आत मारून पन्नासेक वेळा दाबलं की टप्पे परत येतात. मग पातळ तेलाचे थेंब सोडा. त्यानंतरही एखादा टप्पा चुकत असेल तर किंमत कितीही कमी सांगितली तरी घेऊ नका, कारण आतले दात झिजले की त्या लीव्हरची दुरुस्ती होत नाही. डिरेलरच्या पुल्या, क्रँकची बेअरिंग, ब्रेकची पॅड हे सगळं स्वस्तात नवीन घालता येतं, त्यामुळे घासाघीस त्यांच्यावर करा.